'सिस्टिम घेत नाही' हे वाक्य कुणाचं?



मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रमाणांचा विचार केला. एखादी गोष्ट खरी आहे असं आपण कशाच्या आधारे म्हणतो, हा तो प्रश्न होता. आजही विषय तोच आहे. फक्त आज आपण ग्रंथांच्या बाजूने न शिरता मोबाइलच्या बाजूने शिरणार आहोत, आणि वाट दाखवणारा आहे एक सोळा वर्षांचा मुलगा.

हा मुलगा आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. अकरावीत आहे. नाव सांगत नाही. त्याच्या आईने बजावलं आहे की हा आधीच हवेत असतो, व्याख्यानात नाव आलं तर जमिनीवर यायचा नाही. (हशा) तेव्हा आपण त्याला चिरंजीव म्हणू. चिरंजीवांना संगणकाचं वेड आहे. वेड म्हणजे गेम खेळण्याचं नव्हे. कुणीतरी टाकून दिलेला लॅपटॉप उघडायचा, पुसायचा, त्यात लिनक्स टाकायचं, पायथनमध्ये लहानमोठे प्रोग्राम लिहायचे आणि शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे येऊन चहा पीत वाद घालायचा, असा त्याचा क्रम आहे. आम्हाला संगणकातलं फारसं कळत नाही, त्याला तत्त्वज्ञानातलं काही कळत नाही. त्यामुळे संवाद उत्तम चालतो.

अशी जोडी काही नवी नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात लिओ टर्नक्विस्ट नावाचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८१च्या सुमारास त्यांनी कमोडोर कंपनीचा व्हिक-२० नावाचा छोटा संगणक घेतला. वापरणाऱ्याच्या वाट्याला त्यात जेमतेम साडेतीन किलोबाइट मेमरी येत असे. प्राध्यापकांना यंत्राची सवय नव्हती. ते प्रोग्राम कागदावर लिहीत आणि दहा-अकरा वर्षांच्या नातवाला मांडीवर बसवून त्याच्याकडून टाइप करून घेत. त्या नातवाचं नाव लिनस टॉरवाल्ड्स. पुढे १९९१ साली, एकविसाव्या वर्षी, त्याने लिनक्स जगापुढे ठेवलं. आज आपल्या खिशातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच लिनक्सचा गाभा चालतो आहे. आमचे चिरंजीव लिनस होतील की नाही ते आम्हाला माहीत नाही. पण पोराचं बोलणं म्हाताऱ्यांनी लक्ष देऊन ऐकावं, एवढं त्या गोष्टीवरून आम्ही शिकलो.

चिरंजीवांची तीन मतं आम्ही वहीत टिपून ठेवली आहेत. पहिलं: संगणक मूर्ख असतो, पण प्रामाणिक असतो. दुसरं: संगणकात जग नसतं, कुणीतरी केलेलं जगाचं वर्णन असतं. तिसरं: प्रोग्राम चांगला की वाईट हे 'जर'वरून कळत नाही, 'नाहीतर'वरून कळतं. आता आपण ही तीन मतं एकेक करून तपासू, आणि शेवटी तिसऱ्या मतामुळे आमच्या घरात काय घडलं ते सांगू.

पहिलं मत घेऊ. संगणक मूर्ख पण प्रामाणिक. म्हणजे तो सांगितलेलं तंतोतंत करतो. तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही. तुम्ही काय लिहिलं तेवढंच कळतं. हे मत चिरंजीवांचं स्वतःचं असलं तरी त्याला मोठा पूर्वज आहे. १८४३ साली एडा लव्हलेस या विदुषीने चार्ल्स बॅबेजच्या यंत्रावर टिपणं लिहिली. ते यंत्र तेव्हा पूर्ण बांधलेलंही नव्हतं. त्या टिपणांत तिने म्हटलं आहे की हे यंत्र स्वतःहून काही नवं निर्माण करण्याचा दावा करत नाही. जे करायची आज्ञा कशी द्यायची हे आपल्याला माहीत आहे, तेवढंच ते करू शकतं.

आम्ही चिरंजीवांना म्हटलं, "अरे, पण संगणकाची चूक होतेच ना कधीतरी?" त्याने लॅपटॉप आमच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "आजोबा, यात ०.१ अधिक ०.२ टाइप करा." आम्ही केलं. उत्तर आलं ०.३०००००००००००००००४. तीननंतर पंधरा शून्यं आणि मग चार! आम्ही म्हटलं, "ही बघ चूक." तो म्हणाला, "चूक त्याची नाही. तुम्ही त्याला जे मागितलं ते त्याच्या भाषेत लिहिताच येत नाही."

हे जरा समजून घेऊ, कारण पुढे लागणार आहे. आपण दहा अंकांत मोजतो. आपल्या पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की ०.३३३३ असं होत जातं, ते संपतच नाही. कुठेतरी हात थांबवावा लागतो, आणि थांबवला की थोडी चूक शिल्लक राहते. संगणक दोनच अंकांत मोजतो, शून्य आणि एक. त्याच्या पद्धतीत आपला साधा एक दशांशसुद्धा तसाच कधी न संपणारा होतो. तोही कुठेतरी हात थांबवतो. म्हणून जाणता प्रोग्रामर पैशांचा हिशोब रुपयांच्या अपूर्णांकात ठेवत नाही. तो सगळं पैशांत, पूर्णांकात मोजतो.

आता तुम्ही म्हणाल, पंधरा शून्यांनंतरच्या चाराने कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या दहरान इथे इराकचं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि २८ सैनिक मेले. ते अडवण्यासाठी पॅट्रियट ही यंत्रणा तिथे उभी होती. तिने ते अडवण्याचा प्रयत्नच केला नाही. चौकशीत कारण निघालं. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होतं, आणि एक दशांश हा आकडा २४ बिटांच्या जागेत कापून बसवला होता. प्रत्येक वेळी चूक अगदी नगण्य. पण यंत्रणा सलग १०० तास चालू होती, आणि तेवढ्या वेळात चूक साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेली. तेवढ्यात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा आकाशात भलत्याच जागी बघत राहिली. तिथे काही नव्हतं, म्हणून तिने 'काही नाही' असं ठरवलं.

या घटनेतली आणखी एक बाब आम्हाला महत्त्वाची वाटते. दोष आधीच लक्षात आला होता. यंत्रणा 'खूप वेळ' सलग चालवली तर नेम ढळू शकतो, असा इशारा चार दिवस आधी पाठवलाही होता. पण खूप वेळ म्हणजे किती तास, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. सुधारलेला प्रोग्राम दहरानला पोचला तो २६ फेब्रुवारीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा चिरंजीव बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, संगणकाला कुणी 'खूप' असं सांगूच शकत नाही. तो विचारतो, खूप म्हणजे किती? माणसं विचारत नाहीत."

प्रोग्रामिंग शिकण्याचा खरा फायदा आम्हाला इथे दिसतो. नोकरी मिळते वगैरे ठीकच आहे. पण आपण बोलताना किती गोष्टी गृहीत धरतो, हे माणसाला दाखवणारा असा चोख आरसा दुसरा नाही. नव्यन्यायाच्या पंडितांनी भाषेतला संदिग्धपणा काढायला शतकं खर्ची घातली. हा मुलगा रोज संध्याकाळी तेच करतो आहे, फक्त त्याला ते माहीत नाही.

मात्र पहिल्या मताला एक पुरवणी जोडायला हवी. संगणक सांगितलेलंच करतो हे खरं, पण आपण नेमकं काय सांगितलं आहे हे सांगणाऱ्याला पूर्ण ठाऊक असतं असं नाही. १९३६ साली ॲलन ट्युरिंगने सिद्ध केलं की कुठलाही प्रोग्राम दिला असता तो कधी थांबेल की अनंत काळ चालत राहील, हे हमखास सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. आणि १९५० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने एडाच्या मुद्द्याला उत्तर देताना म्हटलं की यंत्रं मला वारंवार चकित करतात. तेव्हा 'प्रामाणिक' याचा अर्थ 'आपल्या मुठीतला' असा घेऊ नये. आज्ञा आपली असते, पण तिचे सगळे परिणाम आपल्या नजरेत असतातच असं नाही.

दुसऱ्या मताकडे वळू. संगणकात जग नसतं, जगाचं वर्णन असतं. चिरंजीवाने शब्दकोड्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. शब्द द्यायचा, तो अक्षरं मोजून सांगणार. आमच्या सौभाग्यवतींनी 'पुणे' दिला. उत्तर आलं चार. त्या म्हणाल्या, "दोन." मग 'स्त्री' दिला. उत्तर आलं सहा! त्या म्हणाल्या, "बाळा, तुझ्या यंत्राला बालवाडीत घाल." (हशा)

बरोबर कोण? दोघंही. संगणकात देवनागरी साठवण्याची जी जागतिक पद्धत आहे, युनिकोड, तिच्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा वेगळे संकेत एकापुढे एक ठेवून 'स्त्री' बनते. चिरंजीवाच्या प्रोग्रामने संकेत मोजले. सौभाग्यवतींनी अक्षर मोजलं. 'अक्षर म्हणजे काय' या प्रश्नाची ही दोन उत्तरं आहेत, आणि यंत्रात त्यांपैकी एक कुणीतरी निवडून ठेवलं आहे. ते वाईट हेतूने निवडलं असं नाही. पण निवडलं आहे, आपोआप उगवलेलं नाही.

उलट बाजूचंही उदाहरण देतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्या. हिंदीला हा दुसरा, पापणीसारखा र लागत नाही, आपल्याला लागतो. आज मोबाइलवर तो लिहिता येतो, कारण कुणीतरी बसून विचार केला की मराठी माणसाचं याच्यावाचून अडेल. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र संकेत म्हणून आलं. म्हणजे 'ॲप' हा शब्द आपण आज सहज लिहितो, त्यामागेसुद्धा कुणाचा तरी निर्णय आहे. आपल्या फोनवरचा प्रत्येक रकाना, प्रत्येक बटण, प्रत्येक 'हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही' हा कुणाचा तरी निर्णय असतो. आडनाव नसलेल्या माणसाला फॉर्म पुढे जाऊ देत नाही, तेव्हा 'प्रत्येकाला आडनाव असतंच' असं कुणीतरी ठरवलेलं असतं. चिरंजीव म्हणतो, "रकाना दिसला की मला तो करणारा माणूस दिसतो." आम्हाला पन्नास वर्षं तत्त्वज्ञान शिकवून जे दिसलं नाही, ते याला दिसतं.

आता तिसरं मत, आणि आमच्या घरातली हकीकत.

आमची थोरली बहीण, आक्का, चार वर्षांपासून आमच्याकडे राहते. एक्याऐंशी वर्षांची आहे. निवृत्त शिक्षिका. तिच्या निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करायचं. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की भागत असे. नोव्हेंबर २०१४ पासून केंद्राची 'जीवन प्रमाण' ही सोय आली. आधार क्रमांक सांगायचा, यंत्रावर बोट ठेवायचं, ठसा जुळला की दाखला तयार. सोय उत्तम आहे. अनेकांचे हेलपाटे तिने वाचवले, हे प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे.

पण आक्काचा ठसा जुळेना. आयुष्यभर खडू धरलेला, भांडी घासलेली, धुणं धुतलेलं. बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. म्हातारपणी अनेकांचं असं होतं. शाखेतल्या माणसाने पाच वेळा बोट ठेवायला लावलं. मग म्हणाला, "सिस्टिम घेत नाही. हात धुऊन परत या." कुठली शाखा ते सांगायची गरज नाही, असं कुठेही होऊ शकतं. आम्ही परत गेलो. परत तेच. तिसऱ्या खेपेला आम्हीच वैतागून म्हटलं, "आक्का, बोट जरा नीट टेकव ना!" ती काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने हाताला खोबरेल लावलं आणि खिडकीशी बसून राहिली. जानेवारीचं वेतन आलं नाही. फेब्रुवारीचंही नाही.

आम्ही हे चिरंजीवांना सांगितलं. पहिल्यांदा तोसुद्धा म्हणाला, "युजर एरर असेल आजोबा. म्हाताऱ्यांना स्कॅनर वापरता येत नाही." हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण त्याचं सगळंच शहाणपणाचं असतं असा ग्रह व्हायला नको. तरुण तंत्रज्ञांना हा एक रोग असतो: चूक झाली की ती वापरणाऱ्याची. पण तोच रोग आम्हालाही झाला होता, शाखेतल्या माणसालाही झाला होता. तिघांनीही सगळ्यात दुबळ्या माणसावर बोट ठेवलं, आणि तिचंच बोट घेतलं जात नव्हतं.

मग त्याने स्वतः आक्काचा हात हातात घेऊन पाहिला. उजेडात धरून पाहिला. आणि म्हणाला, "आजोबा, रेषाच नाहीत. मग यात एल्स काय आहे?"

एल्स म्हणजे प्रोग्रामिंगमधलं 'नाहीतर'. प्रत्येक निर्णय तिथे 'जर-तर-नाहीतर' असा लिहितात. जर ठसा जुळला, तर दाखला द्या. नाहीतर अमुक करा. नवशिका प्रोग्रामर 'जर' मन लावून लिहितो, कारण त्याच्या डोळ्यासमोर सगळं सुरळीत चालणारा माणूस असतो. 'नाहीतर'च्या जागी तो 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच लिहून मोकळा होतो. चिरंजीव म्हणतो, ज्याचं सगळं सुरळीत आहे त्याला कुठलाही प्रोग्राम चांगलाच वाटतो. प्रोग्रामची परीक्षा न जुळणाऱ्या माणसापाशी होते.

इथे आमच्या जुन्या पोथ्या आम्हाला आठवल्या. त्या सोयीचं नावच 'प्रमाण' आहे. हे कुठलं प्रमाण? आक्का समोर खुर्चीवर बसली आहे, बोलते आहे, हे प्रत्यक्ष. बोटाच्या ठशावरून ती ती आहे असं ठरवणं हे अनुमान. अनुमानाचा प्रसिद्ध दाखला तुम्हाला माहीत आहे: धूर दिसला, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. ठसा हा इथला धूर. ठसा जुळला, तर माणूस आहे. ठीक. पण धूर दिसला नाही, म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येईल का? नैयायिक म्हणतात, नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. तिथे अग्नी आहे, धूर नाही. आमची आक्का म्हणजे तो तापलेला गोळा. (हशा) स्वभावाने तर आहेच.

मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं आहे. एखादी वस्तू नाही, हे कशावरून कळतं? ते म्हणतात, अनुपलब्धीवरून; म्हणजे ती आढळली नाही यावरून. पण अट अशी की ती योग्य अनुपलब्धी हवी. वस्तू असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणं सिद्ध होतं. लख्ख उजेडात टेबलावर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर काहीच सिद्ध झालं नाही. झिजलेल्या बोटांचा ठसा ही अंधारी खोली आहे. तिथे न जुळणं म्हणजे नसणं नव्हे. 'कळलं नाही', एवढंच.

आम्ही हे उत्साहाने सांगत होतो. चिरंजीव मधेच म्हणाला, "हो, म्हणजे फॉल्स आणि नल." आम्ही विचारलं, कसला नळ? (हशा) तर प्रोग्रामिंगमध्ये 'फॉल्स' म्हणजे उत्तर 'नाही' असं आहे. 'नल' म्हणजे तिथे उत्तरच नाही, जागा रिकामी आहे. या दोहोंची गल्लत हा नवशिक्यांचा ठरलेला घोळ. टोनी होअर या मोठ्या संगणकशास्त्रज्ञाने १९६५ साली एका भाषेत असा नल आणला, आणि २००९ साली भर सभेत, ती माझी अब्ज डॉलरची चूक होती, अशी कबुली दिली. कारण रिकाम्या जागेला भरलेली समजून जगभरचे प्रोग्राम कोसळत आले. 'चूक माझी' असं म्हणणारा माणूस आम्हाला फार आवडला. ते वाक्य कर्तरी प्रयोगातलं आहे.

हो, प्रयोगांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. शाळेत आपण कर्तरी, कर्मणी, भावे शिकलो. आता फोनवर येणारे संदेश आठवा. 'आपली विनंती नाकारण्यात आली आहे.' 'खाते तात्पुरते बंद करण्यात आले आहे.' कुणी नाकारली? कुणी बंद केलं? कर्ता गायब. आणि 'सिस्टिम घेत नाही' हे वाक्य तर त्याहून बेरकी आहे. त्यात कर्ता आहे, पण खोटा आहे. पहिल्या मतानुसार सिस्टिम स्वतःहून काही घेत नाही की नाकारत नाही, सांगितलेलं करते. तेव्हा या वाक्याचं खरं मराठी असं: 'ठसा जुळला नाही तर काय करायचं, याचा कुणीतरी पुरता विचार केला नाही; किंवा केला आहे, पण तो आम्हाला माहीत नाही.'

यातलं दुसरंच खरं निघालं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चिरंजीव आमच्याबरोबर शाखेत आला. आम्हाला वाटलं, पोरगा तावातावाने भांडेल. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "काका, ठसा जुळला नाही तर काय करायचं, असं तुमच्याकडे कुठे लिहिलेलं आहे का?" एवढाच प्रश्न. तो माणूस गोंधळला, मग आत गेला. दहा मिनिटांनी एक वयस्क अधिकारी बाई बाहेर आल्या. त्यांनी कागदी फॉर्म काढला, आक्काचं पासबुक पाहिलं, आधार पाहिलं, तिच्याशी चार वाक्यं बोलल्या, तिची सही घेतली, आपली सही केली. कागदी दाखल्याची वाट कधी बंद झालीच नव्हती. डोळ्यांच्या बुबुळावरूनही ओळख पटवता येते आणि २०२१च्या अखेरीपासून चेहऱ्यावरूनही, हे त्याच बाईंनी सांगितलं. 'नाहीतर' लिहिलेलं होतं. खिडकीपर्यंत पोचलं नव्हतं. तिन्ही महिन्यांचं वेतन एकदम जमा झालं. आक्काने चिरंजीवाला पाचशे रुपये दिले आणि आम्हाला म्हणाली, "तुला एवढं शिकवलं, तुला नाही सुचलं ते विचारायला."

समारोपाकडे जाण्याआधी एका आक्षेपाचा विचार करू. गेल्या आठवड्यात एका श्रोत्यांनी विचारलं होतं की आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. तिथे 'जर-तर' कुणी लिहीतच नाही. हजारो-लाखो नमुने दाखवतात आणि यंत्र स्वतः शिकतं. मग कर्ता कुणाला म्हणायचं?

प्रश्न रास्त आहे. आम्ही तो चिरंजीवांपुढे ठेवला. तो म्हणाला, "चेहरा ओळखणारं यंत्र 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही आजोबा. ते 'इतकं जुळतं' असा आकडा देतं. किती जुळलं की 'हो' म्हणायचं, ती रेघ माणूस आखतो." हे उत्तर आम्हाला फार मोलाचं वाटतं. रेघ वर सरकवली, तर भलता माणूस आत शिरण्याची शक्यता कमी होते, पण खरा माणूस बाहेर राहण्याची वाढते. खाली सरकवली, तर उलट. त्याच यंत्रावर नुसती रेघ सरकवून दोन्ही चुका एकदम कमी होत नाहीत. म्हणजे रेघ कुठे आखायची हा निव्वळ गणिताचा प्रश्न उरत नाही. कुणाला त्रास झालेला आपण चालवून घेणार आहोत, असा तो प्रश्न आहे. तो नीतिशास्त्राचा आहे, आणि तो यंत्राने सोडवलेला नसतो. नमुने कुणाचे दाखवले, हाही तसाच निर्णय. तरुण हातांचेच ठसे दाखवून शिकवलेल्या यंत्राला आक्काचा हात परका वाटला, तर नवल नाही.

तरी या आक्षेपात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. निर्णय जितके जास्त हातांत वाटले जातील, तितका कर्ता शोधणं अवघड होईल. एकाने नमुने गोळा केले, दुसऱ्याने रेघ आखली, तिसऱ्याने यंत्र विकत घेतलं, चौथा खिडकीत बसला. प्रत्येक जण म्हणेल, मी काही केलं नाही. आणि प्रत्येकाचं थोडं थोडं खरंही असेल. पण म्हणून विचारायचं थांबवलं, तर खिडकीपलीकडच्या माणसाकडे 'हात धुऊन या' याखेरीज काही उरणार नाही.

तेव्हा आपण काय करावं? आपण सगळ्यांनी प्रोग्रामिंग शिकावं, असा आमचा आग्रह नाही. आम्ही स्वतः प्रयत्न केला. तीन आठवड्यांत दोन संख्यांची बेरीज करून थांबलो. पण चिरंजीवाचा तो एक प्रश्न आपण पाठ करून ठेवू शकतो. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की सिस्टिम घेत नाही, तर चिडू नका, ओशाळूही नका. शांतपणे विचारा: 'नाही घेतलं, तर काय करायचं हे कुठे लिहिलं आहे?' लिहिलेलं असेल, तर काम होईल. लिहिलेलं नसेल, तर ते लिहायला लावणं हे आपलं काम आहे. कारण त्या रांगेत आपल्या मागे आणखी कुणीतरी झिजल्या बोटांचं उभं असतं. आणि तुमच्या घरात असं एखादं संगणकवेडं पोर असेल, तर त्याला रांगेत घेऊन जा. स्क्रीनवर शिकता येणार नाही असं बरंच काही त्याला तिथे कळेल.

पुढच्या वेळी आपण अनुपलब्धीचाच धागा पुढे नेऊ आणि मौन हे प्रमाण ठरू शकतं का, ते पाहू. प्रश्न असतील तर जरूर पाठवा. तांत्रिक प्रश्न आले, तर ते तिसऱ्या मजल्यावर पाठवण्यात येतील. (हशा) माफ करा, कर्ता राहिला. आम्ही पाठवू.